पराहियोच्या खोऱ्यात ट्रायलोबाइट पाहताना : स्पितीतील आठ दिवस

पहिला दिवस : सिमला ते कल्पा

महाराष्ट्रात भूशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ट्रायलोबाइट, म्हणजे नामशेष झालेल्या एका कवचधारी प्राण्याचा जीवाश्म, भेटतो तो प्रयोगशाळेच्या लाकडी कप्प्यात, कापसावर ठेवलेला आणि बहुधा प्लास्टरचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. चंद्रपूरकडे त्याहून जुने गाळाचे खडक आहेत आणि त्यांत कोळशाबरोबर ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पाने सापडतात, पण ते खडक नद्यांचे आणि दलदलींचे आहेत. ट्रायलोबाइट हा समुद्रातला प्राणी होता. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी त्याची कवचे खडकांत दिसू लागतात आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, त्याचा शेवटचा वंशजही नाहीसा होतो. मधल्या काळात त्याच्या वीस हजारांहून अधिक जाती होऊन गेल्याची नोंद आहे. यांतली एकही जागच्या जागी, आपल्या थरात पडलेली, मी पाहिली नव्हती. ती पाहण्यासाठी आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला निघालो.

आम्ही तिघे होतो. आम्हाला पुण्यात जीवाश्मशास्त्र शिकवणारे आणि आता निवृत्त झालेले आमचे सर, सध्या एका महाविद्यालयात शिकवणारी माझी मैत्रीण आणि मी. निघण्यापूर्वीच सरांनी एक अट घातली होती. खडकातून काहीही सोबत आणायचे नाही. मोजायचे, छायाचित्र घ्यायचे, वहीत लिहायचे आणि दगड होता तसा ठेवून पुढे जायचे. आम्ही जाणार होतो त्या पिन नदीच्या खोऱ्याचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यानात मोडतो, हे एक कारण होतेच. सरांचे खरे कारण वेगळे होते आणि ते मला सातव्या दिवशी नीट उमगले.

संध्याकाळी कल्प्याला पोहोचलो तेव्हा समोर किन्नर कैलासाच्या शिखरांवर शेवटचे ऊन होते. सर गाडीतून उतरताच म्हणाले, “हा ग्रॅनाइट लक्षात ठेवा, पाचव्या दिवशी त्याचे काम पडेल.” हिमालय तरुण पर्वत आहे असे आपण शाळेत शिकतो, पण या शिखरांचा ग्रॅनाइट ऑर्डोव्हिशियन काळाच्या आरंभीचा, म्हणजे हिमालय उचलला जाण्याच्या कितीतरी आधीचा आहे. जुने दगड नव्या पर्वताने वर आणले आहेत.

दुसरा दिवस : कल्पा ते ताबो

दिवसभर गाडीचाच प्रवास झाला. खाबजवळ स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून पुढे हिरवळ संपते. पाऊस कमी, माती विरळ आणि झाडे जवळपास नाहीत, त्यामुळे डोंगराचा प्रत्येक थर उघडा दिसतो. कोकणात किंवा मावळात खडक पाहायचा तर ओढ्याचे पात्र नाहीतर रस्त्यासाठी फोडलेली दरड शोधावी लागते, इथे सगळा डोंगरच दरडीसारखा उभा आहे. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. त्याच्या मातीच्या भिंतींमागे उतरते थर पाहत आम्ही चहा घेतला आणि उंचीची सवय व्हावी म्हणून लवकर झोपलो.

तिसरा दिवस : ताबो ते सगनम

अत्तरगूच्या पुलावरून रस्ता स्पिती नदी ओलांडून पिन नदीच्या खोऱ्यात शिरतो. इथून पुढे आपण खोऱ्यात वर चढत असतो आणि काळात मागे जात असतो. सुरुवातीला ट्रायासिक काळातले चुनखडीचे थर लागतात, घडी घातलेल्या लुगड्यासारखे वळलेले. गुलिंगच्या आसपास पर्मियन काळातला काळा शेल, म्हणजे बारीक गाळाचा पापुद्र्यांचा खडक, दिसतो आणि त्यापुढे आणखी जुने खडक येत राहतात.

या खोऱ्यातल्या गावांची नावे भूशास्त्राच्या पुस्तकांत कायमची जाऊन बसली आहेत. ‘कुलिंग’ हा पर्मियन खडकांचा समूह गुलिंग गावावरून ओळखला जातो आणि ‘मुथ’ हा क्वार्टझाइट, म्हणजे वाळूचा कठीण खडक, मुद गावावरून. ही नावे १८६५ मध्ये फर्डिनंड स्टोलिच्का याने रूढ केली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा हा मोराव्हियात जन्मलेला तरुण भूशास्त्रज्ञ पायी आणि घोड्यावरून हे सगळे खोरे हिंडला. १८७४ मध्ये यार्कंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमधील मुर्गो येथे त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता. त्याच्यानंतर त्याच सर्वेक्षणाचा हेन्री हेडन आला. स्पितीच्या भूशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने पराहियो खोऱ्यातून गोळा केलेले कँब्रियन, म्हणजे ऑर्डोव्हिशियनच्या आधीच्या काळातले, जीवाश्म जीवाश्मशास्त्रज्ञ कूपर रीड यांनी अभ्यासून १९१० मध्ये त्यांचे वर्णन छापले. आम्ही जे पाहायला निघालो होतो त्याची पहिली नीट यादी हीच.

सगनम गाव पिन आणि पराहियो या नद्यांच्या संगमाजवळ आहे. वाटाण्याची काढणी आटोपली होती. ज्या घरी उतरलो तिथल्या आमांनी आम्हाला लोणी-मिठाचा चहा दिला आणि हिंदीत विचारले, “इतक्या लांबून दगड बघायला आलात?” मैत्रिणीने त्यांना ट्रायलोबाइटचे चित्र दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “हा तर पाण्यातला किडा. इथे कुठून येणार?” याहून नेमका प्रश्न या प्रवासात दुसऱ्या कोणी विचारला नाही.

चौथा दिवस : मुद

उंचीशी जुळवून घेण्यासाठी हा दिवस राखून ठेवला होता. मुद सुमारे ३,८०० मीटरवर आहे आणि तिथला पांढरा मुथ क्वार्टझाइट दुरूनही ओळखू येतो. हा डेव्होनियन काळातला शुद्ध, गोलसर कणांचा वाळूचा खडक आहे. कणांचा सारखेपणा पाहिला की किनाऱ्यावर लाटांनी पुनःपुन्हा धुतलेली वाळू डोळ्यांपुढे येते. या खडकात संधिपाद, म्हणजे खेकडा-विंचवासारख्या सांध्यांच्या पायांच्या, प्राण्यांच्या पावलांच्या लांब रांगा सापडल्या आहेत, मात्र त्या ट्रायलोबाइटच्या नव्हेत. सरांनी आम्हाला इथे आणले ते वातावरण वाचण्याचा सराव व्हावा म्हणून. जीवाश्म एकही नसला तरी केवळ कणांचा आकार, त्यांची स्वच्छता आणि थरांतील तिरप्या रेषा यांवरून पाणी किती खोल होते आणि ते कोणीकडे वाहत होते याचा अंदाज करता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. दुपारभर आम्ही तेवढेच केले.

रात्री कंदिलाच्या उजेडात सरांनी पिशवीतून तोच जुना प्लास्टरचा ट्रायलोबाइट काढला आणि उजळणी घेतली. नवख्यांची पहिली चूक नावापासूनच होते. ट्रायलोबाइट म्हणजे तीन खंडांचा, हे खरे, पण ते तीन खंड डोके, धड आणि शेपूट असे आडवे नाहीत. ते लांबीच्या दिशेने आहेत. मधोमध फुगीर कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पसरट खंड. डोके, धड आणि शेपूट ही दुसरी विभागणी. त्यांना शीर्षकवच, वक्ष आणि पुच्छकवच म्हणू. शीर्षकवचाच्या मध्यभागी जो उंचवटा असतो तो ग्लॅबेला. त्याच्याखाली जठर होते. ग्लॅबेलाचा आकार पुढे निमुळता होतो की रुंद होतो, त्यावर किती आडव्या खाचा आहेत, त्या खाचा मध्यापर्यंत पोहोचतात की कडेलाच थांबतात, डोळे ग्लॅबेलापासून किती दूर आहेत, पुच्छकवच लहान आहे की डोक्याएवढे, त्याच्या कडेला काटे आहेत का, या प्रश्नांच्या उत्तरांवर गण आणि जात ठरते.

आणखी एक गोष्ट सरांनी दोनदा सांगितली. ट्रायलोबाइट खेकड्यासारखा कात टाकत असे. वाढताना त्याच्या डोक्यावरची ठरावीक शिवण उसवायची, दोन्ही बाजूंचे गाल सुटायचे आणि आतला मऊ प्राणी बाहेर पडायचा. एका प्राण्याने आयुष्यात अनेकदा कवच टाकले, म्हणून खडकात जे सापडते ते बहुतेक वेळा टाकलेल्या कवचाचे तुकडे असतात. गाल सुटल्यावर उरलेला डोक्याचा मधला भाग, म्हणजे क्रॅनिडियम, आणि पुच्छकवच हेच सर्वांत जास्त मिळतात. “पूर्ण प्राणी शोधत बसाल तर हात हलवत परत जाल,” सर म्हणाले. “तुकडा वाचायला शिका.”

पाचवा दिवस : पराहियोच्या काठाने

सगनमहून दोन घोडे आणि एक स्थानिक घोडेवाले दादा बरोबर घेऊन पहाटे निघालो. पिन खोरे चुमुर्ती घोड्यांसाठी ओळखले जाते आणि या दगडी उतारांवर ते ज्या सावधपणे पाय टाकतात ते पाहिल्यावर त्याचे कारण कळते. पराहियोला बर्फाचे पाणी येते. सकाळी गुडघाभर असणारा ओढा दुपारनंतर कमरेपर्यंत चढतो, म्हणून ओढे ओलांडण्याचे काम दहाच्या आत संपवावे लागते.

दुपारी वाट तांबूस-जांभळ्या वाळूखडकाजवळून गेली. त्याच्या तळाशी गोट्यांचा जाड थर होता, मुठीपासून नारळापर्यंत आकाराचे गोटे एकमेकांत गच्च बसलेले. हा थांगो खडकसमूह, ऑर्डोव्हिशियन काळातला. त्याच्याखाली करड्या-हिरवट रंगाचे थर होते आणि त्यांचा कल वरच्या थरांशी जुळत नव्हता. खालचे थर आधी तिरपे झाले, झिजून सपाट झाले आणि मग त्यांवर नद्यांनी गोटे आणून टाकले. दोन्हींच्या मधल्या त्या एका रेषेत कोट्यवधी वर्षे गळून गेली आहेत. स्पितीत कँब्रियनचा वरचा भाग मिळत नाही तो यामुळेच. लडाखमधल्या झंस्कारमध्ये तो काही प्रमाणात टिकला आहे.

सरांनी इथे कल्प्याच्या ग्रॅनाइटची आठवण दिली. भारताची उत्तर कड तेव्हा गोंडवन महाखंडाचा समुद्राकडचा काठ होती. कँब्रियनच्या अखेरीस आणि ऑर्डोव्हिशियनच्या आरंभी तिथे मोठी उलथापालथ झाली. तिला कुर्गियाख पर्वतन, म्हणजे पर्वत घडण्याची घटना, म्हणतात. थर वाकले, उचलले गेले आणि त्याच सुमारास खोलवर ग्रॅनाइट घुसला. आजचा हिमालय घडण्याआधी इथे एक पर्वत होऊन गेला आणि झिजून संपलाही. त्याच्या गोट्यांवर हात ठेवून मी बराच वेळ उभी राहिले.

त्या रेषेखालचे करडे थर म्हणजे पराहियो खडकसमूह. आमचे ट्रायलोबाइट त्यातच होते. नदीकाठी सपाट जागा पाहून तंबू ठोकले.

सहावा दिवस : वाकलेली कवचे

सकाळी सातपासून आम्ही उतारावर होतो. पराहियो समूहाची जाडी एक किलोमीटरहून अधिक आहे, तेव्हा सगळे पाहणे शक्यच नव्हते. सरांनी सुमारे चाळीस मीटरचा एक पट्टा निवडला आणि तो खालून वर थराथराने मोजायला लावला. आधी वर कोणते आणि खाली कोणते ते ठरवायचे, कारण घडी पडलेल्या डोंगरात थर पालथेही असू शकतात. वाळूखडकाच्या पृष्ठभागावर लाटांच्या वळ्या होत्या. त्यांचे टोकदार माथे वर आणि गोलसर खोलगट भाग खाली होते, म्हणजे थर सुलटे होते.

पहिला ट्रायलोबाइट मला सापडला नाही, मैत्रिणीला सापडला. मला त्याआधी एक ‘पुच्छकवच’ सापडले होते. त्यावर पंख्यासारख्या रेघा पाहून मी आनंदाने हाक मारली. सरांनी भिंग लावले आणि मधला कणा दाखवायला सांगितले. कणा नव्हताच. ती एका ब्रॅकिओपॉडची, दोन शिंपल्यांच्या प्राण्याची, झडप होती. त्यानंतर मी प्रत्येक तुकड्यात आधी कणा शोधू लागले आणि कामाचा वेग आपोआप मंदावला, जो मंदावायलाच हवा होता.

मैत्रिणीचा तुकडा शेलच्या पाटीवर होता. त्या पाटीवर बोटभर अंतरावर दोन क्रॅनिडिया होती. एक लांबट आणि अरुंद, दुसरे आखूड आणि पसरट. खाचांची संख्या सारखी होती, डोळ्यांची जागा सारखी होती, पण बाह्याकार इतका वेगळा की तिने वहीत ‘जात क’ आणि ‘जात ख’ अशा दोन नोंदी केल्या. सर काही बोलले नाहीत. त्यांनी तिला दोन्ही कवचांच्या मध्यरेषेवर एकेक पेन्सिल ठेवायला सांगितली. पेन्सिली एकमेकींना जवळजवळ काटकोनात आल्या. मग त्यांनी पाटीवरच्या बारीक, समांतर ताणरेषा दाखवल्या. लांबट कवचाची मध्यरेषा त्या ताणाच्या दिशेने होती आणि पसरट कवचाची तिच्या आडवी.

प्राणी एकाच जातीचे होते. हिमालय उचलला जाताना खडक ताणला गेला आणि खडकाबरोबर कवचे ताणली गेली. ताणाच्या दिशेने पडलेले कवच लांब झाले, आडवे पडलेले रुंद झाले. पाटीच्या कोपऱ्यात एक तिसरे कवच होते, तिरपे पडलेले, आणि खरा पुरावा त्यानेच दिला. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा मोठी होती आणि ग्लॅबेलावरच्या आडव्या खाचा मध्यरेषेला काटकोनात छेदत नव्हत्या. जिवंत ट्रायलोबाइटच्या दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जुळतात. त्या जुळत नसतील तर दोष प्राण्याचा नसून खडकाचा आहे. ट्रायलोबाइटचे शरीर अशा वेळी खडक किती आणि कोणीकडे ओढला गेला हे मोजण्याचे साधन होऊन बसते.

ही चूक करणारी आम्ही पहिलीच माणसे नव्हतो. काश्मीरमधल्या कँब्रियन ट्रायलोबाइटांना पूर्वी बरीच वेगवेगळी नावे दिली गेली होती. जीवाश्मशास्त्रज्ञ नायजेल ह्यूज आणि पीटर जेल यांनी १९९२ मध्ये आकडेशास्त्रीय पद्धतीने या विरूपणाचा हिशेब मांडला तेव्हा त्यांतला बराचसा फरक दाबाचा आणि ताणाचा असल्याचे स्पष्ट झाले. मैत्रिणीने ‘जात ख’ ही नोंद खोडली. खाली तिने ताणाची दिशा आणि तिन्ही कवचांचे कोन लिहिले. माझ्या मते या प्रवासातले सर्वांत मोलाचे पान तेच आहे.

सातवा दिवस : नदीमुखाचा समुद्र

शेलमध्ये कवचे चपटी होतात आणि वाकतात. चुनखडीच्या कठीण, पातळ थरांत ती फुगीर आणि बरीचशी मूळ आकारात राहतात. म्हणून आज आम्ही मोजलेल्या पट्ट्यात केवळ चुनखडीचे थर शोधले. ते जेमतेम वीतभर जाडीचे असतात आणि दुरून तपकिरी रेघेसारखे दिसतात.

ते नेमके कुठे येतात हे पाहिल्यावर सगळ्या डोंगराची रचना उलगडली. तळाशी काळसर शेल, त्यात शांत पाण्यातला बारीक गाळ. वर जाताना त्यात वाळूचे पातळ थर येतात आणि त्या वाळूत उंचसखल, उशीसारख्या वळणांच्या रेषा असतात. अशी रचना वादळी लाटा समुद्रतळ ढवळतात तेव्हा तयार होते. आणखी वर वाळू जाड आणि भरड होत जाते, एका दिशेने वाहत्या पाण्याच्या तिरप्या रेषा दिसू लागतात आणि मग अचानक वाळू थांबते. त्या माथ्यावर चुनखडीचा पातळ थर आणि त्यावर पुन्हा काळा शेल. हाच क्रम पुनःपुन्हा घडत गेलेला आहे.

दक्षिणेकडे भारताची जमीन होती आणि उत्तरेकडे समुद्र. नद्या वाळू आणत आणि त्यांचा त्रिभुज प्रदेश समुद्रात पुढे सरके, म्हणून थर वरवर भरड होत जातात. मग नदी आपले मुख बदलून दुसरीकडे वळे किंवा पाणी चढे आणि गाळाचा पुरवठा तुटे. तेवढ्या अवकाशात समुद्रतळावर गाळाऐवजी कवचांचेच तुकडे साचत आणि त्यांची चुनखडी होई. गोदावरी किंवा कृष्णेच्या मुखाशी आज नदी वाट बदलते तेव्हा जुन्या वाटेच्या टोकाशी गाळ कमी पडतो, हे आपण जाणतो. ५० कोटी वर्षांपूर्वी इथे तेच चालले होते, फक्त काठावर एकही झाड नव्हते.

त्या वीतभर थरांत आम्ही कवचे मोजायला बसलो. सर म्हणाले, आधी नावे विसरा आणि कवच पालथे आहे की उताणे ते लिहा. प्रवाहात वाहून आलेली वाटी पालथी पडते, तशी ती स्थिर राहते. आमच्या मोजणीत बहुतेक कवचे पालथी होती. त्यांत क्रॅनिडिया आणि पुच्छकवचे भरपूर, सुटे गाल थोडे आणि अखंड प्राणी एकही नाही. म्हणजे ही कवचे प्राणी जिथे राहत होते तिथून थोडी तरी हलली होती. लाटांनी ती चाळली होती आणि हलके गाल दूर नेले होते. एखाद्या थरात अखंड, जोडलेले प्राणी मिळाले असते तर अर्थ उलटा झाला असता, की गाळाने त्यांना एकाएकी पुरले.

प्राण्यांच्या वावराची खूण मात्र वाळूखडकाच्या तळाशी होती. तिथे दोन समांतर कडांची एक लांब पट्टी उमटलेली होती, मध्ये खाच आणि दोन्ही बाजूंना तिरप्या ओरखड्यांच्या रांगा. ही क्रुझियाना, ट्रायलोबाइटसारख्या प्राण्याने चिखल उकरत पुढे जाताना काढलेली वाट. तिच्याजवळच गव्हाच्या मोठ्या दाण्यासारखा, मधोमध चीर असलेला उंचवटा होता, जिथे प्राणी थांबून खाली रुतला असावा. कवच वाहून येऊ शकते, वाट वाहून येत नाही. ज्या प्राण्याने ती काढली तो नेमका इथेच, या चिखलावर होता. आमांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दगडात मिळाले. किडा इथवर आला नाही. पाणीच इथे होते.

उन्हे कलताना पट्ट्याच्या खालच्या भागात, एका पातळ पाटीवर, मला नखाएवढे एक क्रॅनिडियम दिसले. ग्लॅबेलाच्या दोन्ही बाजू जवळजवळ समांतर, त्यांवर खळग्यांच्या जोड्या आणि प्रत्येक जोडी आडव्या खाचेने जोडलेली. माझे हात थरथरू लागले, कारण हे वर्णन मला पाठ होते. रीड यांनी १९१० मध्ये हेडनच्या स्पितीतल्या नमुन्यांवरून ‘इंडिकस’ ही जात सांगितली. त्यांनी ती दुसऱ्याच गणात ठेवली होती, आज ती ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस म्हणून ओळखली जाते. ही जात पुढे चीनसह जगाच्या इतर भागांतही सापडली आणि २०१८ मध्ये कँब्रियन काळातील वुलियुअन टप्प्याचा आरंभ तिच्या पहिल्या आगमनावरून निश्चित झाला. जगाच्या कालपट्टीवरचा तो टप्पा आता चीनच्या गुइझोउ प्रांतातील एका उतारावर मोजला जातो, पण ज्या जातीने तो ओळखायचा तिच्या नावात भारत आहे आणि तिचे पहिले वर्णन या खोऱ्यातल्या दगडांवरून झाले. स्पितीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? तिथे त्याची एखादी पाटी तरी असावी, असे मला मनापासून वाटते.

सरांनी भिंगातून पाच मिनिटे पाहिले. मग विचारले, “पुच्छकवच?” नव्हते. “ताण?” पाटीवर ताणरेषा होत्या. “शेजारी दुसरे कोणते तुकडे?” मी शोधले. पॅजेटिया या बारक्या ट्रायलोबाइटसारखे एक चिमुकले कवच होते, बाकी भुगा. सर शांतपणे म्हणाले, “ऑरिक्टोसेफॅलिड कुळातला आहे, असे लिही. जात लिहू नकोस.” इथल्या थरांमध्ये या जातीच्या खाली हेडेनास्पिस पार्वत्या आणि वर काओताइया प्राचीना अशा जातींच्या पातळ्या विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी लावल्या आहेत. त्या शेजाऱ्यांपैकी कोणीही आम्हाला त्या पट्ट्यात खात्रीने ओळखता आले नव्हते. कवच एकटे पुरेसे बोलत नव्हते.

सरांची अट मला इथे समजली. ही पाटी मी पुण्याला नेली असती तर कपाटात एक सुंदर क्रॅनिडियम राहिले असते. तिच्यावरची ताणाची दिशा, खालचा वादळी वाळूचा थर, शेजारचा पॅजेटिया, चाळीस मीटरमधली तिची जागा, यांपैकी काहीही तिच्याबरोबर आले नसते. आणि उद्या माझ्याहून अधिक जाणणारे कोणी इथे येऊन वर-खाली दोन मीटर शोधू लागले असते, तर त्याला मधली कडीच मिळाली नसती. मी मोजपट्टी ठेवून चार बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि पाटी जशी होती तशी, जीवाश्माची बाजू खाली करून, तिच्या जागी सरकवली. उन्हा-पावसापासून तेवढाच आसरा.

आठवा दिवस : काझा

सकाळी ओढे उतरलेले असतानाच निघालो, दुपारी सगनम आणि संध्याकाळी काझा. वाटेत आमांना क्रुझियानाचे छायाचित्र दाखवले. त्यांनी ओरखड्यांवरून बोट फिरवले आणि घरातल्या मुलीला बोलावून तेही दाखवले. मुलीने विचारले, हा कुठल्या नाल्यावर आहे? घोडेवाले दादांनी तिला जागा सांगितली आणि दगड तिथेच ठेवायचा, असेही बजावले.

काझामध्ये अमोनाइटचे, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या नामशेष समुद्री प्राण्याचे, काळे गोल दगड विकायला होते. आमच्या घरी आजीच्या देव्हाऱ्यात गंडकीचा शाळिग्राम आहे, त्याच्याच नात्यातले. स्पिती शेलमधले हे अमोनाइट ट्रायलोबाइट नाहीसे झाल्यानंतर दहा कोटी वर्षांनी राहत होते. मी एक हातात घेऊन पाहिला. तो कोणत्या थरातून निघाला हे विकणाऱ्या काकांनाही माहीत नव्हते. मी तो परत ठेवला.

रात्री खोलीत बसून तिघांनी वहीतल्या नोंदी एका तक्त्यात उतरवल्या. थराचा क्रमांक, जाडी, खडक, कवच पालथे की उताणे, ताणाची दिशा, भाग, मापे, कुळ, जात. माझ्या क्रॅनिडियमच्या ओळीत सगळे रकाने भरले. शेवटचा तेवढा रिकामा राहिला. सरांनी वही ओढून घेतली आणि त्या रकान्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले : पुच्छकवच शोधणे, खालचे दोन मीटर पुन्हा पाहणे.